पिशव्या सांभाळणारी आई

आम्ही राहतो त्या पोरिरुआच्या बाजारात परवा मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती हुंगली आणि मी थेट सुझदालला पोचले.

२०१७ साली आईबाबांना घेऊन आम्ही त्या जुन्या रशियन शहरात चर्चमागून चर्च बघत होतो. प्रत्येक दाराशी आई डोक्यावरून पदर घ्यायची. आत मेणाचा हाच गोडसर वास. शेवटी उंच घंटाघर आलं.

गड असो की डोंगरावरचं देऊळ, आई पिशव्या घेऊन पायथ्याशी बसायची आणि बाबा वरून ओरडायचे, "अगं, काय सुंदर दिसतंय इथून!" म्हणून मी तिच्यासाठी बाक शोधला. तिने त्यावर बाबांना बसवलं, पिशव्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन अंधाऱ्या जिन्यात शिरली. मागून चढताना मला फक्त तो गुडघा दिसत होता. आता मात्र आठवतो तो वर पोचल्यावरचा तिचा चेहरा.

वर वारा होता, खाली निळे-हिरवे घुमट. माझी लेक तिच्या तिकडच्या बोलीत म्हणाली, "आजी, स्वीट ॲज!" म्हणजे एकदम भारी.

आईने धापा टाकत कठड्यावरून वाकून बाकावरचे बाबा शोधले, आणि ओरडली, "अहो, काय सुंदर दिसतंय इथून!"