पाच माणसांची अट

सकाळच्या खेळाला खुर्च्यांत निदान पाच माणसं हवीत, अशी आमच्या चित्रपटगृहाची अट आहे. शुक्रवारी आम्ही तिघेच होतो. त्यातल्या एक बाई नायिकेच्या आई. लेकीचं पहिलं काम पाहायला साताऱ्याहून आल्या होत्या.

समोरच्या टपरीवर चार तरुण पुरस्कारांवरून भांडत होते. आमच्या पोस्टरवरच्या नायिकेकडे बोट दाखवून एक जण म्हणाला, "समीक्षकांचं बक्षीस हिलाच, लिहून घे. परीक्षकांनी डावललं ना, तर मोर्चा काढू!"

डोअरकीपर रस्ता ओलांडून गेला. "पोरांनो, दोन माणसं कमी पडताहेत. या की आत."

"मोबाइलवर आला की बघू, काका."

खेळ रद्द झाला. परीक्षकांच्या संभाव्य अन्यायावर एवढा आवाज चढवणाऱ्यांनी स्वतःचा अन्याय चहा पितापिता उरकला होता. पुरस्कारांच्या मोसमात हे दरवर्षी घडतं, आणि दरवर्षी तितकाच संताप येतो.

बाई बाहेर आल्या. लेकीचं नाव ऐकून टपरीपाशी थांबल्या.

"तुम्ही पाहिलात वाटतं पिक्चर? कसं केलंय हो तिनं काम?"

चौघेही आपापल्या पेल्यात पाहू लागले.