शत्रूच्या कपड्यातला वजदी

इजिप्तमधल्या मन्सुरा शहरातला म्हातारा न्हावी मुतवल्ली गिऱ्हाइकांना ठासून सांगायचा, युद्धाचा खरा सिनेमा एकच, आणि तो कुणी पाहिलेला नाही. वेढ्यात सापडलेल्या तुकडीची गोष्ट. तोफा कमी, वाट पाहणं जास्त. चहाचा एक पेला सात जणांत फिरतो. शेवटच्याला थेंबही उरत नाही, तरी तो घोट घेतल्यासारखं करतो. पण लोकांना विजय हवा असतो, मग तो पडद्यावरचा का असेना. कैरोच्या थिएटरांतून आठवड्यात सिनेमा उतरला.

मुतवल्ली त्यात होता. तेव्हा तो सक्तीच्या लष्करी नोकरीत; सिनेमावाल्यांनी मागितले की असे जवान ट्रक भरून पाठवायचे. सावळे ते आपले, गोरे-घारे ते शत्रू, अशी सरळ वाटणी. त्याचा जिवलग वजदी पडला गोरापान, तो शत्रू झाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या खऱ्या लढाईत, सुएझ कालव्याकाठी, वजदी गेला.

यंदा त्या लढाईच्या स्मरणाच्या सुट्टीत तो सिनेमा टीव्हीवर लागला. वजदीच्या थोरल्या बहिणीनं, इन्साफनं, मुतवल्लीला बोलावून घेतलं. "पन्नास वर्षांनी भाऊ दिसेल रे मला! माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. तू बोट दाखव."

वजदी त्यात शत्रू झाल्याचं त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. आता दोन्ही बाजूंना शेजारी दाटलेले, उठायला वाट नाही.

"हे लढणार कधी?" झगलूल खाटीक कुरकुरला. "माझा बोकडसुद्धा यांच्यापेक्षा झुंजतो!"

"गप शेंगदाणे खा," इन्साफ म्हणाली.

मग खंदकात शत्रू उतरला आणि तरण्या मुतवल्लीनं त्याच्या पोटात संगीन खुपसली. "अरे, हा तर आपला मुतवल्ली!" म्हणत झगलूलनं टाळ्या पिटल्या. इन्साफनंही.

"शाब्बास मुतवल्ली! अस्सं हवं मेल्याला!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो शत्रू म्हणजे वजदी होता, हे या खोलीत मुतवल्लीला एकट्यालाच ठाऊक होतं.

"आता वजदी कधी येणार रे?"

पडद्यावर धुळीनं माखलेला कुणी जवान भिंतीला टेकून बुटाची नाडी बांधत होता. मुतवल्लीला त्याचं नावही आठवेना.

"हा बघ, इन्साफताई."

ती उठून टीव्हीपाशी गेली. त्या चेहऱ्यावर तिनं तळवा ठेवला. "किती वाळलाय गं बाई! यात मरत नाही ना तो?"

"नाही. वाचतो."

ती ओल्या डोळ्यांनी हसली. "पुढच्या वर्षी लागला तर ये हं. तुझ्याशिवाय मला तो सापडायचा नाही."

"येईन," मुतवल्ली म्हणाला.