दिसतंय, बाई

बाळांनो, तुमची आजी लातूरच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. त्या तीस वर्षांत डस्टर एकदाही चुकीच्या खणात गेलं नाही. हे मी अभिमानाने सांगते. तुमचे आजोबा हेच वाक्य तक्रार म्हणून सांगतात.

निवृत्तीच्या आधी मी एक उद्योग केला होता. संगणकावर फिरणारे रेणू. वेबपानात एक छोटासा प्रोग्राम बसवलेला असे, त्याला ॲपलेट म्हणत. माउसने धरून रेणू हवा तसा फिरवता येई. ही पानं मी पेन ड्राइव्हवर भरून शिक्षिका झालेल्या विद्यार्थिनींना देत असे. सोबत इंग्रजीत टाइप केलेल्या, लॅमिनेट केलेल्या सूचना. पायऱ्या तेवीस, आणि प्रत्येकीची सुरुवात 'काइंडली एन्शुअर'ने.

त्यांपैकी एक विद्यार्थिनी किनवटला मुलींच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. निवृत्तीनंतर आम्ही नांदेडला आलो. तिथून वर्षभर मी दर महिन्याला फोन करून तिला विचारत होते, "पानं उघडतात ना गं?"

"हाव बाई. दिसतंय की."

मग मी फोन ठेवून आजोबांकडे असं बघायची, जणू किनवटच्या जंगलात वीज मीच नेली.

जानेवारीत तिचाच फोन आला. शाळेतले दहा संगणक वापरात नाहीत अशी कुणीतरी तक्रार केली होती. गुरुवारी तपासणीला वरचे साहेब येणार, तिचा तास बघणार. तास जमला नाही तर सगळे संगणक दुसऱ्या शाळेत हलवणार.

"एवढंच ना? मग आपले रेणू दाखव."

"बाई, रागावू नका. पानाच्या मधी नुसता राखाडी चौकोन येतो. रेणू येत न्हाई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासनं."

"सातवी पायरी केलीस?"

"केली."

"अकरावी?"

"लई येळा."

"मग वर्षभर दिसतंय कामून म्हणत होतीस?"

"तुम्ही इतकं लिहून दिलतं, बाई. बाईला न्हाई कसं म्हणावं?"

मी तरातरा माझा संगणक उघडला. तिथे रेणू झोकात फिरत होता. आजोबांना बोलावून दाखवला. "बघा. चूक तिचीच आहे."

आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "तुझ्या संगणकावर अजून निजामाचंच राज्य हाय. बाहेर काय झालं त्याला कोण सांगणार?"

खरं होतं. संगणक अपडेटचं विचारायचा तेव्हा मी 'नंतर' दाबत आले होते. चालत्या गाडीला हात लावू नये, हे माझं धोरण. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं, भरतकामाचं आवरण घालायचं आणि अपडेटला नकार द्यायचा. नव्या ब्राउझरांनी ॲपलेटला दार कधीच बंद केलं होतं. माझ्या तेवीस पायऱ्या बिनचूक होत्या, पण जगात फक्त आमच्या घरी असलेल्या संगणकासाठी.

हातात चार दिवस. आजोबांचा लॅपटॉप मी जप्त केला. त्यावर ते पत्ते खेळतात. जुनं ॲपलेट काढून त्या जागी ब्राउझरला स्वतःलाच वाचता येईल असा, रेणू दाखवणारा नवा प्रोग्राम बसवला. पान कोरं आलं. दोन तास शोधल्यावर कळलं की चौकटीच्या उंचीपुढे मी एकक लिहिलं नव्हतं, म्हणून चौकटीला उंचीच मिळाली नव्हती. एकक विसरलं की अर्धा गुण कापणारी बाई ती मीच.

मग इंटरनेटवर रेणू आला, पण पेन ड्राइव्हवरून येईना. ब्राउझर पान उघडायचा. रेणूची फाइल शेजारीच असली तरी पानाला ती वाचू द्यायचा नाही, सुरक्षेसाठी म्हणे. आणि किनवटच्या इंटरनेटचा भरवसा नव्हता. शेवटी भाकरी बांधताना चटणी त्याच फडक्यात बांधतो तसे सगळे अणू मी पानाच्या आतच लिहून टाकले. जुन्या संगणकांना झेपावं म्हणून चकचकीत गोळेही साधे केले.

"रेणू फिरायला का?" आजोबा दर तासाला विचारत. "का अजून तूच फिरायलीस?"

बुधवारी पेन ड्राइव्ह स्टीलच्या डबीत घालून मी रेल्वेने किनवटला गेले. विज्ञानाचं कपाट उघडून बघते तर आत ज्वारीच्या धाटांचे रेणू. आम्ही लहानपणी बैलगाड्या करायचो तसेच: आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे म्हणजे अणू आणि सालीच्या कामट्या म्हणजे त्यांना जोडणारे बंध. रंगाला हळद, कुंकू, नीळ.

"चौकोनात काही येईना, मग पोरींनी केले," ती खाली बघत म्हणाली.

मी सवयीने कोन तपासले. जवळजवळ बरोबर होते. मला थोडं वाईटच वाटलं.

गुरुवारी मी शेवटच्या बाकावर बसले. नऊ संगणकांवर रेणू आला. साहेबांनी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दिसणाऱ्या दोन रेणूंकडे बोट दाखवून एका मुलीला विचारलं, "हा आणि तो एकच ना? नुसता फिरवलाय."

तिने माउसने रेणू सगळीकडून फिरवून बघितला. मग कपाटातले धाटांचे दोन रेणू आणले आणि एकावर एक धरले. "न्हाई साहेब. हळद जुळती, तर कुंकू आन नीळ उलटी पडती. किती बी फिरवा."

साहेब दहाव्या संगणकापाशी गेले. तिथे कोरं पान. मी अर्धी उठले. 'एक मिनिटात येईल' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात माझी विद्यार्थिनी सरळ म्हणाली, "ह्याच्यावर न्हाई दिसत, सर. ह्याचा ब्राउझर लई जुना हाय. बदलून घ्यावा लागंल."

साहेबांनी लिहून घेतलं. संगणक तिथेच राहिले, दहाच्या दहा. मी परत बाकावर बसले. फोनवरचं सोडलं तर माझ्यासमोर तिने म्हटलेलं ते पहिलं 'न्हाई'. तेही मला नाही, साहेबांना.

घरी येऊन मी नव्या सूचना लिहिल्या. एकच पान, मराठीत. पहिली ओळ: 'दिसत नसेल तर लगेच फोन करा. बाई रागावणार नाहीत.' आजोबांनी पेन्सिलने 'रागावणार'च्या आधी 'जास्त' असं घातलं. ते मी खोडलेलं नाही.

आता मुद्द्याचं. दिवाळीत तुम्ही नव्या घराचं एक पान पाठवलं होतं, बोटाने फिरवून सगळ्या खोल्या बघायचं. मी 'फारच सुंदर, पडदे विशेष आवडले' असं कळवलं. बाळांनो, मला राखाडी चौकोन दिसला होता. पडदे आहेत की नाहीत, तेही मला माहीत नाही. पुन्हा पाठवा. नाही दिसलं तर या खेपेला नाही म्हणेन.