फळ्याची उजवी बाजू

कविता शिकवायची असली की गुरुजी आधी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवत. मग फळ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढत. डावीकडे लिहीत 'शब्दार्थ', उजवीकडे 'भावार्थ'. हात झटकून वर्गाकडे वळत आणि म्हणत, "डावी बाजू तुमची, उजवी माझी. चला."

हे मला इतकं पाठ होतं, कारण आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. लोकल बोर्डाची दोन शिक्षकी शाळा. खालचे वर्ग माझे, वरचे गुरुजींचे. उलव्याच्या खाडीवरचं गाव, पनवेलला जायचं तरी आधी होडीत बसावं लागे. आज तिकडे नवी मुंबईच्या इमारती उभ्या आहेत आणि ती शाळा नेमकी कुठे होती, हे मलाही दाखवता यायचं नाही.

गुरुजी साताऱ्याकडचे. त्यांना पाण्याची विलक्षण भीती. होडीत ते बरोबर मधोमध बसत, छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरत आणि पलीकडे पोहोचेपर्यंत एक शब्द बोलत नसत. मासळीचा वास सहन होत नाही म्हणून खिशात कापराची वडी ठेवत. असा माणूस कोळ्यांच्या पोरांना होडीवरची कविता शिकवायचा, यातली गंमत तुमच्याही लक्षात येईल. माझ्या तर रोज यायची. हसू आवरेना की मी पोरांना मोठ्याने पाढे म्हणायला लावी.

ती कविता वरच्या वर्गाच्या पुस्तकात होती. कवी फारसा कुणाला माहीत नसलेला. तिचं शेवटचं कडवं मला अजून येतं:

शीड उभारुन गेली होडी, मागे उरला काठ;
पैलतिरावर दिवा लागला, सरली त्याची वाट.

गुरुजी डावीकडे लिहीत: होडी, शीड, काठ, पैलतीर. त्यांच्यासमोर उजवीकडे: देह, श्वास, संसार, मृत्यू. शेवटचा शब्द लिहिताना त्यांचा चेहरा उजळून निघे. आयुष्यभर जपलेली वस्तू कुणाला उघडून दाखवावी तसा. पोरं माना डोलवत. त्यांतल्या निम्म्यांनी पहाटे बापाबरोबर जाळी ओढलेली असत, ती झोपेत डोलत.

डाव्या-उजव्या बाजूचं हे खूळ हळूहळू गावभर पसरलं. आई "मर मेल्या" म्हणाली की पोरगं म्हणे, "डावीकडं मर, उजवीकडं जेव." एकदा एका सासूने सुनेला "आलीस गो बय" म्हटलं, तर सून मला येऊन विचारते, "बाई, हिच्या उजव्या बाजूला काय आसंल?" गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते खूश झाले. म्हणाले, "बाई, लोक अर्थ शोधायला लागले, आणखी काय हवं?"

त्यांना हवं होतं ते मला माहीत होतं. जिल्ह्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, होणाऱ्या मास्तरांना कविता कशी शिकवावी ते शिकवायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी कित्येक वर्षं धरली होती. घरी बायको नाही, मूलबाळ नाही. माणूस त्या एका गोष्टीवर जगत होता म्हटलं तरी चालेल. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी त्यांचा कवितेचा पाठ ऐकायचं कबूल केलं होतं. पाठ आवडला तर ते वर शिफारस करणार होते.

गावात धर्मा तांडेल म्हणून म्हातारा होता. स्वतःचा मचवा, स्वतःची जाळी, शब्दाला वजन. त्याची नात हिरू नुकतीच गुरुजींच्या वर्गात आलेली; होडीची कविता पाठ करून घेतली होती, उजवी बाजू अजून शिकवायची होती. ती ओटीवर बसून कविता घोकायची आणि म्हातारा जाळं विणत ऐकायचा. होडीची कविता त्याला फार आवडली. पण तक्रार होतीच. एक दिवस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, ह्यो नाखवा भरतीला निंगला का ओहोटीला? ता सांगलान नाय."

गुरुजी हसले. "तांडेल, कवितेतली होडी म्हणजे होडी नव्हे."

"मंग शीड कशाला उभारलान?"

गुरुजींनी त्याला भावार्थ समजावायला तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याला तेवढा वेळ नव्हता. "आसूं दे. पोचला ना पलीकडं? दिवा दिसला ना? झाला तर मंग," असं म्हणून तो गेला. त्या दिवशी आम्ही दोघेही खूप हसलो.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मचवे बाहेर पडले आणि चौथ्या की पाचव्या दिवशी वादळ झालं. धर्माचा मचवा त्याचा मुलगा, म्हणजे हिरूचा बाप, घेऊन गेला होता. मचव्याच्या फळ्या न्हावा गावाच्या टोकाला लागल्या. बरोबरच्या गड्यांची शरीरं मिळाली. हिरूच्या बापाचं मिळालं नाही.

शरीर मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग दिवस घालतात. धर्मा पुतळा करू देईना. भटजी आले, परत गेले. भावकी समजावून थकली. सून ना धड सवाष्ण, ना विधवा. ती पाणी भरायला निघाली की बाया गप्प होत. कपाळाला कुंकू तसंच, आणि त्याच्याखाली तो चेहरा. मला त्या दिवसांत तिच्याकडे बघवत नसे.

म्हातारा रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसे. पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी घरातला दिवा लागला की तो बोट दाखवी. "बगा. पैलतिरावर दिवा लागला. पोचलाय तो. कवितंत लिवलाय. गुरुजी काय खोटा शिकवतील?"

शेवटी गावचे पंच शाळेत आले. मधल्या सुट्टीची वेळ होती. त्यातला वयस्कर माणूस गुरुजींना हात जोडून म्हणाला, "तुमची कविता त्याच्या डोस्क्यात बसलीय. आमचा कुनाचा आयकत नाय. तुमीच जावा नि तिचा खरा अर्थ सांगा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. अर्थ सांगायला कुणी बोलावलंय आणि गुरुजींचे पाय निघत नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहत होते. "बाई, तुम्ही येता बरोबर?" त्यांनी विचारलं. आम्ही गेलो.

धर्मा ओटीवर होता. पुढ्यात जाळं होतं, पण हात चालत नव्हते. आत सून दाराआड उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आला म्हणून कळलं. हिरूला पाण्याला धाडलं होतं. गुरुजी घोंगडीवर बसले. टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"तांडेल, त्या कवितेतला पैलतीर म्हणजे पलीकडचा किनारा नाही."

"मंग?"

वर्गात ज्या शब्दाशी येताना गुरुजींचा चेहरा उजळायचा, तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. टोपीची कड ते बोटांनी नुसती चुरगाळत होते. मग खाली बघत म्हणाले, "मरण."

म्हाताऱ्याने मान हलवली नाही. "म्हंजी तुमी पयल्यापासना पोरांना ह्याच शिकवताव?"

"होय."

"नि ती पोरां तालावर म्हनतात."

आत सून भिंतीला धरून खाली बसल्याचं ऐकू आलं. धर्मा उठला, खाडीकडे तोंड करून उभा राहिला. मग वळून म्हणाला, "करा पुतला. तुमी सांगलाव म्हून करतो. पन एक करा. हिरूला उजव्या बाजूचा सांगू नका. ती रोज माज्या शेजारी बसून बोलते, आजा, दिवा लागला. तिला तेवडाच हाय."

"नाही सांगणार," गुरुजी म्हणाले.

दिवस उरकेपर्यंत हिरूला मामाकडे ठेवलं. ती परत आली तेव्हा गावाने ठरवलं होतं की पोरीपुढे काही काढायचं नाही. बाप पलीकडे कामाला राहिलाय, एवढंच बोलायचं. मोठी माणसं पोरांबद्दल असं काही ठरवतात आणि ते जमलं असं धरून चालतात.

गुरुजी त्यानंतर बदलले. कविता आली की टोपी डोक्यावरच राही. रेघ ओढत, पण उजव्या बाजूला लिहिताना खडू मध्येच थांबे. पडद्याआडून मला ती शांतता ऐकू येई. पूर्वी त्यांच्या मोठ्या आवाजाचा मला वैताग होता. आता तो आवाज ऐकू यावा म्हणून जीव कासावीस व्हायचा. एकदा शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी त्या पोरांना मरण शिकवत होतो आणि मला वाटत होतं, मी कविता शिकवतोय." मी म्हटलं, "गुरुजी, कविता तीच आहे. होडीत बसणारा माणूस बदलला." ते म्हणाले, "तेच तर मला कधी कळलं नाही."

होळीच्या आधी साहेब आले. शाळेची तपासणी म्हणजे गावाला जत्रा. दारात, खिडक्यांशी माणसं उभी. साहेब खुर्चीत बसले, पुस्तक चाळलं आणि नेमकी होडीची कविता काढली. गुरुजींनी फळ्यावर रेघ ओढली. डावीकडचे शब्द लिहिले. मुलांनी कविता म्हटली. मी पडदा थोडा बाजूला करून बघत होते. उजवी बाजू कोरी होती.

साहेबांनी वर्गावर नजर फिरवली आणि पहिल्या रांगेतल्या मुलीकडे बोट केलं. ती हिरू होती.

"पैलतीर म्हणजे काय, सांग बघू."

हिरू उभी राहिली. तिने आधी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत धर्मा होता. मग ती स्पष्ट म्हणाली, "पलीकडचा किनारा. तिथं माजा बा हाय."

साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते हसून म्हणाले, "छान. हा झाला शब्दार्थ. आता भावार्थ?"

हिरूने गुरुजींकडे पाहिलं. साहेब गुरुजींकडे वळले. "गुरुजी, भावार्थ राहिला. तुमच्या भावार्थाबद्दल पुष्कळ ऐकलंय आम्ही. होऊन जाऊ द्या."

गुरुजींनी खडू उचलला. मी मनात म्हणत होते, लिहू नका हो. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की लिहा, एक शब्द लिहा, तुमचं आयुष्य मार्गी लागेल. दोन्ही खरं होतं. गुरुजींनी खडू पुन्हा पेटीत ठेवला.

"साहेब, या कवितेला भावार्थ नाही."

"नाही म्हणजे?"

"होडी म्हणजे होडी. पलीकडचा किनारा म्हणजे पलीकडचा किनारा. माणूस गेला आणि पोहोचला. एवढीच कविता आहे."

साहेबांना ती थट्टा वाटली, मग उद्धटपणा वाटला. त्यांनी दोन-तीनदा विचारलं. गुरुजींनी तेच उत्तर दिलं. जाताना साहेब मला म्हणाले, "यांना कविता कळते असं कुणी सांगितलं आम्हाला?" मी त्यांना खरी हकीकत सांगायला गेले, तर मागून गुरुजींनी मानेनेच नको म्हटलं. खिडकीशी अजून हिरू आणि तिचा आजा उभे होते.

कॉलेजचं नाव पुन्हा निघालं नाही. वर्ष संपता संपता गुरुजींची बदली आली. डोंगराकडच्या एका वाडीत, जिथे चौथीच्या वर शाळाच नव्हती आणि पुस्तकात तसली कविताही नव्हती. मला वाईट वाटलं, संतापही आला. ते मात्र म्हणाले, "बरं झालं. पाणी तरी नाही तिकडे."

निघाले त्या दिवशी भरती संध्याकाळची होती. गाव धक्क्यावर आलं होतं. धर्मा त्याच्या नेहमीच्या दगडावर बसला होता. त्याची नजर अलीकडे फार मंद झाली होती. गुरुजींनी त्याला वाकून नमस्कार केला, हिरूच्या डोक्यावर हात ठेवला आणि होडीत जाऊन मधोमध बसले. एक वळकटी, एक ट्रंक, छातीशी छत्री. होडी सुटली. थोड्या अंतरावर गेल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवलेली मला दिसली.

हिरू माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाई, गुरुजींना सांगू नका हां. मना उजवी बाजू ठाव हाय."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आयच्या हातान बांगड्या नाय," ती म्हणाली. "मना काय कलत नाय? पन आजाला वाईट वाटंल. गुरुजींना पन."

होडी आता बरीच लांब गेली होती. हाक ऐकू गेली नसती, आणि हिरूने सांगू नका म्हटलं होतं. गुरुजींना हे कधीच कळलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात ते त्या वाडीत तापाने गेले, असा निरोप आला.

त्या संध्याकाळी मात्र धर्माने दगडावरून हाक मारली, "हिरू, दिवा लागला का गो?"

पलीकडे अजून कुठेच काही दिसत नव्हतं. होडीसुद्धा दिसेनाशी झाली होती. हिरू आजाजवळ गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली.

"लागला, आजा," ती म्हणाली.