कावळ्याला दिलेला शब्द

नव्वदच्या दशकात चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटशेजारी एक इटालियन मुलगा राहायला आला. सिंगापूरची व्यावसायिक फुटबॉल लीग तेव्हा नवीन होती आणि क्लब बाहेरून खेळाडू आणत. हा बचावपटू. उंच, लाजरा, नुकती विशी ओलांडलेला. माझा नवरा बोटीवर इंजिनिअर, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई. मी युनिव्हर्सिटीतल्या लॅबमधून परत येईपर्यंत आईंना दिवसभर बोलायला फक्त भिंती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला पोहे खाऊ घातले. तो त्यांना नोन्ना म्हणायचा, म्हणजे आजी. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, आईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि दुभाष्याचं काम आलं माझ्या गळ्यात.

संध्याकाळी त्याच्या भिंतीतून ठक ठक असा आवाज यायचा. डोक्याने चेंडू मारायचा सराव. मी एकदा जाऊन चांगली तणतणलेही होते. मग काही महिन्यांनी आवाज बंद झाला, आणि गंमत म्हणजे मला तेच खटकायला लागलं. दार उघडं असलं की तो दिसायचा, चेंडू मांडीवर घेऊन नुसता बसलेला.

त्याने दिलेल्या पासावर आम्ही मॅचला जायचो. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही दिसलं की चेंडू हवेत असला की हा मागे सरतो. समोरचा उडी मारून गोल करून मोकळा, आणि हा खाली उभा. आजूबाजूचे लोक हसायचे, आणि आई त्यांच्याकडे रागाने बघायच्या.

क्लबने शेवटी त्याला बजावलं, उरलेले सामने नीट खेळलास तर पुढच्या वर्षी ठेवू, नाहीतर घरी जा. हे त्याने आमच्याच टेबलाशी बसून सांगितलं. लहानपणापासून त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. आईंनी सरळ विचारलं, अरे, मग उडी का मारत नाहीस? मी भाषांतर केलं, आणि तो त्याबद्दल पहिल्यांदाच बोलला. वर्षापूर्वी तिकडे एका मॅचमध्ये तो आणि समोरच्या संघातला एक मुलगा एकाच चेंडूसाठी उडाले. डोक्यावर डोकं आपटलं. रेफरीने साधा फाउलही दिला नाही. तो मुलगा शुद्धीवर आला नाही, काही दिवसांनी हॉस्पिटलातच वारला. याला कुणी दोष दिला नाही, त्या मुलाच्या आईनेसुद्धा.

"मी उडी मारली की तोही वर येतो," तो म्हणाला. "अजून येतो."

मी ते आईंना मराठीत सांगितलं. पुढच्या आठवड्यात सर्वपित्री आहे, त्या दिवशी सगळ्यांचं चालतं, धर्म कुणी विचारत नाही, आई म्हणाल्या. गेलेल्याच्या नावाने घास ठेवायचा. कावळा शिवला की पोचलं. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली आहे असं समजायचं, आणि ती पुरी करायचा शब्द द्यायचा. लॅबमध्ये दिवस काढणारी मी हे इंग्रजीत सांगताना ओशाळले होते. तो मात्र लक्ष देऊन ऐकत होता.

लिटिल इंडियातून केळीची पानं आणली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. ब्लॉकखालच्या झाडाशी दोन पानं मांडली, एक सासऱ्यांचं, एक त्या मुलाचं. उघड्यावर अन्न टाकलं म्हणून दंड होईल या धास्तीने मी सारखी इकडेतिकडे बघत होते. सासऱ्यांच्या पानाला कावळा लगेच शिवला. दुसऱ्या पानाकडे ढुंकूनही बघेना. आई मैनांना हाकलत राहिल्या. ऊन चढलं.

"शब्द दे, बाळा," आई म्हणाल्या.

तो पानाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात इटालियनमध्ये काहीतरी बोलला. कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं मी मनाशी म्हटलं खरं, पण मला हायसं वाटलं. आता हा खेळणार, असंच आम्ही दोघी धरून चाललो. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

शनिवारच्या मॅचला तो संघात नव्हता. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निरोप घ्यायला आला.

"मी त्याला म्हटलं, तुला खेळता येत नाही, तर मीही खेळणार नाही. तो लगेच आला."

माझं डोकंच फिरलं. त्याला म्हटलं, मूर्खा, तो भुकेला पक्षी होता, पहिलं पान संपवून दुसऱ्यावर आला. तो माझ्याकडे बघतच नव्हता, आईंकडे बघत होता. मी आईंकडे वळले. "तुम्ही सांगा त्याला, असा शब्द मोडला तरी चालतो. तुमचंच ऐकेल तो."

आईंनी मान हलवली.

"यांच्या दहाव्याला दुपार झाली तरी कावळा शिवेना. मग मी म्हटलं, घर बंद करते, मुलाकडे जाऊन राहते. तेव्हा शिवला. मला इथे यायचं नव्हतं गं. मी याला कुठल्या तोंडाने सांगू?"

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी एका शब्दाचंही भाषांतर केलं नाही. त्याने आईंच्या चेहऱ्यावरून काय ओळखायचं ते ओळखलं, "ओके, नोन्ना," म्हणाला आणि बॅग उचलली. तो गावी काकाच्या गॅरेजात काम करतो, मॅच बघायलाही जात नाही, असं पुढे त्याच्या इथल्या एका सोबत्याकडून कळलं.

पुढच्या सर्वपित्रीला मी आठवणीने केळीचं पान आणलं.

"राहू दे," आई म्हणाल्या. "या खेपेला काय मागतील कोण जाणे."