थंडीतला रोजा

माझी धाकटी नणंद जयू पुढे ढकलण्यात पटाईत. दाताचा डॉक्टर, नळ दुरुस्ती, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं 'बघू नंतर'. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

टावर चौकाजवळ तिचं आणि नसीमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. जयू कापड बेतते, नसीम मशीनवर बसते. मागच्या बाजूला माप घ्यायला एक पडदा लावलाय. लग्नं दोघींनीही केली नाहीत. एकमेकींशी भांडण्यातच त्यांचा संसार झाला.

एका वर्षी रमजान ऐन जूनमध्ये आला. पहाटे चारपासून संध्याकाळी सातपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि ईदच्या कपड्यांचा ढीग पडलेला. जयू पाणी प्यायला पडद्यामागे जायची. "अरे, सामने पियो ना! मेरा रोजा तुम्हारे पानी से थोड़े टूटेगा," नसीम म्हणायची. भूक-तहान हा रोजाचा अर्धाच भाग, जीभ आणि नजरही आवरावी लागते, हे तिनेच जयूला सांगितलं. आमच्या घरी एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. नसीमचा तो रोजा जयूच्या मनाला भिडला.

"एक रोजा मैं भी रखूँगी तुम्हारे साथ," ती म्हणाली. "पर इस गरमी में नहीं. ठंड में आने दो."

नसीम हसत सुटली. आपण अधिक महिना घालून सणांना जागेवर आणतो. रमजान निव्वळ चंद्रावर चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. थंडीत यायला त्याला कितीतरी वर्षं लागणार.

"तो क्या हुआ? हम दोनों कहाँ भागे जा रहे हैं?" जयू म्हणाली.

रमजान मेमध्ये आला, मग एप्रिलमध्ये. दर वर्षी घरी जयूचं एकच, "अजून गरमच आहे गं." मार्चमध्ये लग्नसराईचं निमित्त मिळालं. नसीमने कधी आठवण करून दिली नाही. मीच एकदा टोमणा मारला, तर माझ्यावरच फणकारली.

मग नसीमच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी रोजाला साफ मनाई केली. आजाऱ्याला त्यांच्यात सूट आहे, एका रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालायचं. नसीम ते नेमाने करते. "अल्लाह ने छूट दी है, पर दिल को कौन समझाए," म्हणते आणि डोळे पुसते.

यंदा महाशिवरात्रीची गर्दी ओसरली आणि लगेच रमजान लागला. पहाटे अंगावर शाल लागत होती. जयूने रोजा ठेवला. कुरकुरत का होईना, पहाटे उठून मी तिला पोळ्या करून वाढल्या.

संध्याकाळी फळं घेऊन दुकानात गेले, तर जयू सुकलेल्या तोंडाने कापड बेतत होती आणि मशीन बंद होतं. पडद्यामागे पेला वाजला. नसीम गोळी घेत होती, घोटभर पाण्याबरोबर, लपून.

"बाहर आके पियो ना," जयू म्हणाली.

"तुम्हारा रोजा है," आतून उत्तर आलं.

रोजा सोडायची वेळ झाली, मगरिबची अजान झाली. जयूने खजूर उचलला आणि आधी नसीमपुढे धरला. नसीमने मान हलवली.

"डायलिसिस में खजूर मना है मुझे. और मेरा रोजा ही कहाँ, मैं क्या खोलूँ, जयू? तुम खोलो."

तिने तोच खजूर घेऊन स्वतःच्या हाताने जयूला भरवला. पाणीसुद्धा नसीमनेच पुढे केलं.

आम्ही ऑटोने घरी आलो. टोमणा मारायची माझी सवय, पण त्या दिवशी उतरताना मी तिची पिशवी उचलून घेतली. दार उघडताना ती म्हणाली, "वहिनी, त्या जूनमध्येच ठेवायला हवा होता गं. फार तर काय, घसा सुकला असता."