हेडलाइटला घातलेलं प्लास्टर

"सदाशिव, उजेड कुठं पडलाय ते सांग!" डॉक्टर स्टिअरिंगमागून ओरडले.

मी समोर पाहिलं. गॅरेजच्या भिंतीवर काहीच नव्हतं. शेजारच्या चिंचेवर मात्र लख्ख उजेड पडला होता आणि तिथं निजायला आलेल्या कावळ्यांनी नुसता कल्ला मांडला होता.

"एक दिवा चिंचेवर आहे, डॉक्टर."

"आणि दुसरा?"

"म्हशीवर."

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला मुंबई रस्त्यालगत कासमभाईंचं गॅरेज होतं. वायरिंग, बॅटरी आणि दिवे हे खातं माझ्याकडे. डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. आसपासच्या खेड्यांतून बाळंतपणाला बोलावणं आलं की ते आपली विलायती मोटर काढून निघत.

हेडलाइटच्या काचेमागे एक खोलगट वाटी असते. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. बल्ब तसा लहानच असतो. त्याचा उजेड गोळा करून रस्त्यावर फेकायचं काम ही वाटी करते. डॉक्टरांच्या गाडीची वाटी पितळेची होती आणि तिला आतून चांदीचा पातळ मुलामा होता. दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुताना डॉक्टरांनी काचा उघडल्या. डॉक्टरीणबाईंना वाट्या काळपट दिसल्या. त्यांनी त्या देवाच्या भांड्यांबरोबर रांगोळीनं घासून काढल्या. वाट्या चकचकीत झाल्या, फक्त चांदी निघून गेली.

"नव्या मागवू," मी म्हणालो.

"कशाला? पितळ आहे ना? मग कल्हई लागते," डॉक्टर म्हणाले. घरच्या घरी काहीतरी खटपट करायची त्यांना भारी हौस.

दारावर आलेल्या कल्हईवाल्यानं वाट्या भट्टीवर धरल्या. कल्हई छान बसली, पण तापून वाट्यांचा आकार बिघडला. वाटी वाकडी झाली की उजेडही वाकडा जातो. म्हणून तो चिंच आणि म्हैस यांत वाटला गेला होता.

कासमभाईंनी वाटी हातात घेऊन फिरवून पाहिली. "डॉक्टरसाहेब, ही आता वरणाला बरी."

डॉक्टर हसले, पण घोर त्यांनाही होता. तळवड्याच्या पाटलांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण आणि मूल आडवं. बोलावणं कधीही आलं असतं आणि वाट ओढ्यातून जाणारी. शेवटी त्यांनी मुंबईहून नव्या वाट्या मागवायला होकार दिला.

नव्या वाट्या आल्या. चांदी झकास होती, पण मापानं बोटभर लहान. त्या जुन्या मॉडेलचं माप आता निघतच नव्हतं. मी कडेनं रबर कोंबून त्या बसवल्या. इंजिन सुरू केलं की भिंतीवरचा उजेड लटलट कापायचा. डोकं धरून बसायची पाळी आली.

त्याच दिवशी दिवेलागणीला डॉक्टर गाडी बघायला आले होते, तेवढ्यात त्यांना शोधत पाटील सायकल मारत थेट गॅरेजात आले.

"डागदर, चला बिगीबिगी! पोरीला कळा सुटल्यात आन् बाळ काय सरकंना."

"ओढ्याची वाट कशी आहे?"

"पार फुटलीया. खड्डं दिसलं न्हाईत तर मोटार वढ्यातच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवे?"

"लागतात. पण हलतात."

त्यांनी आपली बॅग उघडली. मोडलेल्या हाडाला घालतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या काढून म्हणाले, "पाणी आण."

मी रबर उपसलं आणि ओल्या पट्ट्यांनी त्यांनी एकेका वाटीच्या भोवतीची फट भरायला घेतली. मी भिंतीवरचा उजेड बघत वाटी दाबून धरली. पाटलांचा धीर सुटला.

"आवं, पोरगी तिकडं अडलीया आन् तुमी मोटारीचं हाड बसवताय व्हय?"

"पाटील, मोटर ओढ्यात गेली तर मी तुमच्या सुनेपाशी पोचणारच नाही," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हलू नकोस. श्वास घे. झालंच."

पेशंटला सांगावं तसं ते मला सांगत होते आणि मला त्याची गरजही होती. एरवी दिवा बिघडला तर गिऱ्हाईक फार तर भांडतं. त्या संध्याकाळी माझ्या बोटांवर दोन जीव होते आणि मला चांगलीच भीती वाटत होती.

प्लास्टर आवळलं. इंजिन सुरू झालं. उजेड भिंतीवर गप्प उभा राहिला. पाटलांना शेजारी बसवून गाडी तळवड्याकडे गेली.

सकाळी ती परत आली. चाकं चिखलानं माखलेली, डॉक्टरांचे डोळे तांबारलेले.

"मुलगी झाली. आई सुखरूप आहे."

मी तिथंच बोनेटला टेकलो. कासमभाईंनी चहा सांगितला.

"डावा दिवा मात्र जरा वर बघतोय," डॉक्टर म्हणाले. "जाताना झाडंच जास्त दिसली. खाली घे."

मी वाटीला जोर लावला. तसूभर हलेना. प्लास्टरचा दगड झाला होता.

"डॉक्टर, कापावं लागेल."

"छे! दीड महिना हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

गाड्यांचे दिवे घरी दुरुस्त करावेत की नवे विकत आणावेत, असं लोक मला अजून विचारतात. वाटी विकतच आणावी. जशी बसेल तशी बसवावी. फक्त प्लास्टर सुकण्याआधी भिंतीवरच्या उजेडाकडे दोनदा बघावं.